नर्सिंगचं पहिलं सत्र: सोडू की थांबू? (नाशिक)

कळवणची_लेक | रविवार, रात्री 10:40

नमस्कार. दोन वर्षं इथे नुसती वाचतेय, आज पहिल्यांदा धागा काढतेय. सांभाळून घ्या.

मी बी.एस्सी. नर्सिंगच्या पहिल्या सत्राला आहे, नाशिकमध्ये. कॉलेजचं नाव लिहीत नाही, कुणी ना कुणी ओळखेलच. दहावीपर्यंत मराठी माध्यम. अकरावी-बारावी सायन्सची पुस्तकं इंग्रजी होती, पण सर सगळं मराठीतच शिकवायचे. इथे मॅडम तासभर इंग्रजीत बोलतात. मी लिहून घेते आणि रूमवर येऊन माझंच अक्षर मला लागत नाही. अ‍ॅनाटॉमीच्या इंटर्नलला (कॉलेजच्या अंतर्गत परीक्षेला) 25 पैकी 8.

मागच्या आठवड्यात वॉर्डात पायाच्या जखमेचं ड्रेसिंग चाललं होतं. गॉज काढला आणि पुढचं मला आठवत नाही. डोळे उघडले तेव्हा मी स्टुलावर आणि मावशी पाणी पाजत होत्या. सगळी बॅच हसली. वर तो पेशंटच मला विचारतो, "पोरी, जेवलीस का?"

फाईल, प्रोसिजर बुक, केअर प्लॅन (पेशंटच्या काळजीचा लेखी आराखडा) यांत रात्रीचे दोन वाजतात. सहाला उठून साडेसहाची बस. टीपीआर (ताप, नाडी, श्वसन) घ्यायला उभी राहिले की सिनियर ताई म्हणतात, "मोजत काय बसलीस, श्वसन 18 टाक आणि पुढे चल."

पप्पा म्हणतात झेपत नसेल तर घरी ये. पण फी भरलीय, आणि यंदा कांद्याचं काय झालं ते तुम्हाला माहीतच आहे. खरं सांगा, हे पुढे सोपं होतं का? की ज्यांना जमतं त्यांना पहिल्यापासूनच जमत असतं?

---

शालिमारचा_चहा | रात्री 10:58

मी नर्सिंगमधला नाही, पण पहिला प्रतिसाद माझा. वडील ऑपरेशन होऊन नऊ दिवस अ‍ॅडमिट होते तेव्हा मी बाहेरच्या बाकावर झोपायचो. तुझ्यासारख्याच शिकाऊ मुली यायच्या. वडिलांना डॉक्टरांचं नाव अजून माहीत नाही. "ती चष्मेवाली पोरगी" मात्र रोज आठवते, कारण ती बीपी बघायच्या आधी हात चोळून गरम करायची.

बाकी सल्ला तज्ज्ञ देतीलच. मी खुर्ची टाकून बसलोय.

---

वॉर्ड_११ | रात्री 11:15

ब्रदर (पुरुष नर्स) आहे, खाजगी हॉस्पिटलच्या आयसीयूत सहा वर्षं. आधी चक्कर येण्याचं बघू, कारण त्याची तुला उगाच लाज वाटतेय.

मी ओटीत (ऑपरेशन थिएटरमध्ये) पहिल्याच दिवशी आडवा झालो होतो, सहा फूट उंची घेऊन. दोघांनी उचललं. माझ्या बॅचच्या निम्म्या लोकांना कुठे ना कुठे भोवळ आली आहे. रक्त, पू किंवा वास असं काही समोर आलं की काही जणांच्या नाडीचा वेग एकदम पडतो, बीपी खाली येतं, मेंदूला रक्त कमी पोचतं. त्यात तू उपाशी, झोप चार तासांची, एका जागी ताठ उभी. मग पडणारच.

पोस्टिंगला, म्हणजे वॉर्डातल्या ड्युटीला, उपाशी जाऊ नकोस. दोन पोळ्या खा, नाहीतर शेंगदाण्याचा लाडू खा, पण काहीतरी पोटात हवं. उभी असताना गुडघे ताठ ठेवू नकोस. पायाची बोटं आवळ-सोड, पोटऱ्या आवळ-सोड करत राहा, रक्त वर चढतं. आणि कान बंद झाल्यासारखे वाटले, घाम फुटला, डोळ्यांपुढे पिवळं आलं, की त्या क्षणी "मॅडम, मला चक्कर येतेय" म्हणून भिंतीला टेकून खाली बस. लाजून उभी राहिलेली मुलगी स्टराइल ट्रेवर पडते, मग सगळ्यांचंच काम वाढतं. चार-पाच ड्रेसिंगं बघितलीस की शरीर सरावतं.

फाईलबद्दल माझं मत विचारशील तर ती शुद्ध हमाली आहे. आयसीयूत आजवर मला कुणी फाईल विचारलेली नाही.

---

लाल_पेन | रात्री 11:40

वॉर्ड_११, थांबा जरा. मी ट्यूटर आहे, बारा वर्षं फाईलीच तपासतेय, म्हणून हे झोंबलं.

फाईल हमाली होते कारण मुलं ती सबमिशनच्या आदल्या रात्री लिहितात आणि सिनियरच्या फाईलीवरून उतरवतात. मी एकदा एका पुरुष पेशंटच्या केअर प्लॅनमध्ये मासिक पाळीचा इतिहास वाचलाय, नियमित, 28 दिवसांची. आता बोला.

कळवणच्या लेकी, एक पद्धत सांगते. वॉर्डात दहा पेशंट असले तरी रोज एकच निवड. त्याची केस शीट वाच, त्याच्याशी दहा मिनिटं बोल, आणि छोट्या डायरीत चार गोष्टी लिही: काय होतंय म्हणून आला, आज त्याला सगळ्यात जास्त त्रास कशाचा आहे, कुठली औषधं चालू आहेत, मी त्याच्यासाठी काय केलं आणि मग काय झालं. अर्धं पान पुरतं. नाव किंवा बेड नंबर लिहू नकोस, डायरी बसमध्ये राहू शकते. महिन्याच्या शेवटी तुझ्याकडे वीस खरे पेशंट असतील आणि केअर प्लॅन लिहायला तासही लागणार नाही. नर्सिंग डायग्नोसिस म्हणजे डॉक्टरांचं निदान नव्हे, हे याच डायरीतून डोक्यात बसतं. डॉक्टर लिहितात "न्यूमोनिया". आपण लिहितो की कफ घट्ट असल्यामुळे याला तो बाहेर काढता येत नाही, आणि मग वाफ, पाणी, बसवण्याची पद्धत, खोकायला शिकवणं हे आपलं काम सुरू होतं.

आता 25 पैकी 8 चं. नव्या अभ्यासक्रमात विद्यापीठाच्या परीक्षेला अ‍ॅनाटॉमी आणि फिजिऑलॉजी एकाच पेपरात येतात, 37 आणि 38 गुणांचे दोन विभाग. म्हणून त्यांचा अभ्यासही एकत्रच कर. हृदयाची आकृती काढलीस की त्याच बैठकीत रक्ताचा प्रवास आणि ईसीजीच्या लाटाही उरक. आणि आकृती बघून काढू नकोस. आधी आठवून काढ, चुकू दे, मग लाल पेनाने पुस्तकाप्रमाणे दुरुस्त कर. तिसऱ्यांदा काढशील तेव्हा नावं इंग्रजीतच आठवतील.

अजून एक, घाबरलेल्या मुलांना हे कुणी सांगतच नाही. एखादा विषय राहिला म्हणून वर्ष वाया जात नाही. पुढच्या सत्राचे वर्ग करता येतात. पाचव्या सत्राच्या परीक्षेला बसायच्या आधी मागचं सगळं सुटलेलं हवं. खरी अडचण हजेरीची असते. परीक्षेला बसायला थिअरी आणि प्रॅक्टिकल दोन्हीकडे 80 टक्के लागते, आणि पदवी मिळायच्या आधी प्रॅक्टिकलचे तास शंभर टक्के भरावे लागतात. तेव्हा गावच्या जत्रेसाठी पोस्टिंग बुडवू नकोस, ते तास नंतर सुट्टीत भरावे लागतात.

---

वॉर्ड_११ | रात्री 11:52

पाळीवाला पेशंट वाचून शस्त्रं खाली ठेवली. तरीही एवढी चित्रं, बॉर्डर, स्केचपेन कशाला हो मॅडम?

---

लाल_पेन | रात्री 11:55

बॉर्डरच्या बाबतीत तुमच्या बाजूने आहे. स्टाफरूममध्ये मी एकटीच आहे.

---

रात्रपाळी | सोमवार, पहाटे 4:30

मी निवृत्त इन्चार्ज सिस्टर. चौतीस वर्षं सरकारी नोकरी, आता इंदिरानगरला नातवंडं सांभाळते. पण झोप अजून ड्युटीच्याच वेळेला उघडते, म्हणून या वेळी लिहितेय.

सगळ्यांनी सगळं सांगितलं, पण या लेकीच्या पोस्टमधली सगळ्यात वाईट ओळ कुणी धरलीच नाही. "श्वसन 18 टाक आणि पुढे चल."

बाळा, मी नवीन होते तेव्हा मीही टाकायचे. सगळेच टाकायचे. पोटाचं ऑपरेशन झालेल्या एक आजी होत्या. चार्टवर दुपारी दोनला 18, सहाला 18, रात्री दहाला 18. शेवटचे 18 माझे. रात्री बाराला शेजारच्या बेडवरची बाई मला हलवून म्हणाली, सिस्टर, यांचा श्वास बघा ना, कुत्र्यासारखा चाललाय. पूर्ण मिनिट मोजला तर 34. छातीत कफ साठून न्यूमोनिया झाला होता आणि तो काही बाराला अचानक झालेला नव्हता. आजी वाचल्या, पण अकरा दिवस जास्त राहिल्या. मला कुणी काही बोललं नाही, कारण चार्ट स्वच्छ होता. हेच मला अजून टोचतं.

टेम्परेचर मशीन सांगतं, बीपी मशीन सांगतं, ऑक्सिजन बोटाला क्लिप लावली की दिसतो. श्वास मात्र माणसालाच मोजावा लागतो, म्हणून तोच सगळ्यात जास्त खोटा लिहिला जातो. आणि पेशंट बिघडायला लागला की बऱ्याचदा तोच पहिला बदलतो, बीपी पडतं ते नंतर.

नाडी बघायला मनगट धर. नाडी मोजून झाली तरी हात सोडू नकोस, तसाच धरून ठेव आणि नजर छातीवर किंवा पोटावर ने. पेशंटला वाटतं अजून नाडीच बघतेय. "श्वास मोजते हं" म्हणालीस की तो लगेच वेगळा श्वास घेतो. पूर्ण एक मिनिट मोज. घड्याळ सेकंदकाट्याचं घे, मेन रोडला साधं मिळतं, मोबाईल खिशातच राहू दे. तीस पेशंटला तीस मिनिटं जातात, मान्य. सिनियर ओरडली तर म्हण, "ताई, माझं अजून पटपट होत नाही." हे खोटं नाही आणि भांडणही होत नाही.

सोपं होतं का विचारलंस. पाय दुखायचे थांबत नाहीत, पण दुसऱ्या वर्षापासून काय बघायचं ते कळायला लागतं, आणि मग दिवस लवकर सरतो.

---

शालिमारचा_चहा | सकाळी 8:10

सकाळी चहा घेताना हे वाचलं. घोट तसाच राहिला.

---

सुरगाणेकर | सकाळी 9:25

मी जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा), नंतर पोस्ट बेसिक (डिप्लोमानंतरची पदवी) दोन वर्षं, आता सुरगाणा तालुक्यात सीएचओ (समुदाय आरोग्य अधिकारी). मीही आश्रमशाळेतून आलेलो, तेव्हा इंग्रजीचं दुःख मला विचार.

वैद्यकीय इंग्रजी हे इंग्रजी नाहीच मुळी. ते तुकड्यांनी बनतं. शेवटी "आयटिस" आलं की सूज. "एक्टॉमी" म्हणजे कापून काढलं. "ऑस्टॉमी" म्हणजे बाहेर तोंड काढलं. "टॅकी" जोरात, "ब्रॅडी" मंद. "नेफ्रो" मूत्रपिंड, "हेपॅटो" यकृत, "गॅस्ट्रो" जठर. असे शंभरेक तुकडे पाठ केले तर हजार शब्द उलगडतात. मी भिंतीवर चिठ्ठ्या लावल्या होत्या, रूममेटने त्यावर पंचांगही लावलं.

मॅडम बोलतात ते सगळं लिहून घेऊ नकोस, फक्त मथळे लिही. संध्याकाळी पुस्तकातला तो भाग वाच आणि मैत्रिणीला मराठीत समजावून सांग. मराठीत सांगता आलं म्हणजे कळलं. मग पेपरात इंग्रजीत साधी, छोटी वाक्यं लिही. परीक्षकाला ललित निबंध नको असतो.

आणि तुझी भाषा हे तुझं भांडवल आहे गं! कळवणची आहेस, अहिराणी येत असेल. सटाण्या-मालेगावकडची म्हातारी बाई नाशिकच्या वॉर्डात येते तेव्हा ती "अ‍ॅबडॉमिनल पेन" काय, "पोटात दुखतंय का" यालाही घाबरून मान हलवते. तू "पोट दुखस का माय?" म्हण, ती सगळा इतिहास सांगेल. आमच्या सुरगाणा-पेठकडची माणसं कोकणी बोलतात, गोव्याची नव्हे, इथल्या कोकणा आदिवासींची. त्यांच्यातले चार शब्द मावशींकडून शिकून घे. हिस्ट्री टेकिंगचे गुण तिथेच आहेत.

---

जर्मनी_रिटर्न | सकाळी 10:02

इथे काय ठेवलंय? आत्तापासून जर्मन शिका, भाषेची बी-2 पातळी करा, बाहेर पडा. इथल्या खाजगी पगारात खोलीभाडं निघत नाही.

---

सुरगाणेकर | सकाळी 10:15

पगाराचं खरं आहे, पण तिला आधी अ‍ॅनाटॉमी सोडवायचीय. जर्मनीसाठी वेगळा धागा काढा, मीही येतो भांडायला.

---

द्राक्षबाग_निफाड | दुपारी 1:30

मी शेतकरी, लेक नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाला. पैशाचं बोलतो, कारण आईबापाच्या पोटातला गोळा तोच असतो.

शिष्यवृत्तीसाठी सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवर अर्ज भरलास का? कॉलेजमधल्या कुणीतरी "नंतर बघू" म्हटलं असेल तर त्यांच्या भरवशावर राहू नको. उत्पन्नाचा दाखला, जात वैधता, लागू असेल तर नॉन-क्रिमिलेअर, रहिवासी दाखला हे सगळं काढून ठेव. बँक खातं आधारला जोडलेलं हवं, आमचे पैसे तिथेच सहा महिने अडकले होते. 2024 च्या निर्णयानुसार आर्थिक दुर्बल, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमात शिक्षण शुल्काची पूर्ण सवलत आहे. कुटुंबाचं उत्पन्न 8 लाखांपर्यंत हवं आणि प्रवेश केंद्रीभूत फेरीतून झालेला हवा. बाहेर राहत असशील तर पंजाबराव देशमुख निर्वाह भत्ता योजनेची चौकशी कर. अनुसूचित जमातीची असशील तर स्वयं योजना वेगळी आहे. आदिवासी विकास आयुक्तालय नाशिकलाच आहे, प्रकल्प कार्यालयात जाऊन तोंडी विचार. फोनवर कुणी नीट सांगत नाही.

माझी लेकही पहिल्या दिवाळीला घरी आली ती बॅग भरूनच. आईने काही विचारलं नाही, चार दिवस झोपू दिलं. पाचव्या दिवशी स्वतःच म्हणाली, बसचं बुकिंग करा.

---

वॉर्ड_११ | दुपारी 3:05

निफाड वाचून आठवलं. तिसऱ्या सत्रापासून फार्माकॉलॉजी (औषधशास्त्र) येईल. तिथे बरीच मुलं औषधं एकेक पाठ करतात आणि मरतात. गटाने शिक. नावाच्या शेवटी "ओलॉल" दिसलं की बीटा ब्लॉकर, द्यायच्या आधी नाडी बघ. "प्रिल" दिसलं की बीपीचं, कोरडा खोकला विचार. "सार्टन" त्याचाच चुलतभाऊ, खोकला कमी. "प्रॅझोल" अ‍ॅसिडिटीचं, सकाळी जेवणाआधी. सलाईनमधून जाणाऱ्या पोटॅशियम क्लोराईडबद्दल एकच वाक्य आयुष्यभर लक्षात ठेव: ते कधीही सरळ शिरेत ढकलायचं नाही.

आणि विषावरचे उतारे. आपल्या भागात हा प्रश्न पुस्तकी नाही. द्राक्षपट्ट्यातून औषध फवारताना बाधलेला किंवा रागाच्या भरात प्यायलेला माणूस कॅज्युअल्टीत येतो. बुबुळं टाचणीएवढी, तोंडाला फेस, दरदरून घाम. ऑर्गॅनोफॉस्फेट (कीटकनाशकांचा एक गट) असेल तर अ‍ॅट्रोपिन आणि पॅम. अ‍ॅट्रोपिन किती द्यायचं ते डॉक्टर ठरवतात, पण छातीतलं पाणी सुकतंय का, नाडी किती, पेशंट बरळायला लागलाय का हे दर काही मिनिटांनी बघणारी तूच असतेस. त्याचे कपडे काढून अंग धुवायचं असतं, आणि ते करताना तुझ्या हातात ग्लोव्हज हवेत, कारण विष कातडीतूनही जातं.

थेंबांचं गणित आजच शिकून टाक, पुढे रोज लागतं. एकूण मिली गुणिले सेटवर लिहिलेला ड्रॉप फॅक्टर (एका मिलीचे किती थेंब), भागिले मिनिटं. 500 मिली, आठ तास, 20 थेंबांचा सेट: दहा हजार भागिले 480, म्हणजे मिनिटाला 21 थेंब. मायक्रो सेट 60 चा असतो, तिथे तासाला जितके मिली तितकेच मिनिटाला थेंब. सेटचं पाकीट फेकायच्या आधी आकडा वाच, सगळे सेट 20 चे नसतात.

---

लाल_पेन | दुपारी 3:40

गणिताला पूर्ण गुण. "चुलतभाऊ" वर्गात चोरणार आहे.

---

रात्रपाळी | संध्याकाळी 5:15

एक राहिलं. लेकी, हिपॅटायटिस बी ची लस घेतलीस का? तीन डोस असतात, आज, एक महिन्याने आणि सहा महिन्यांनी. अजून सुरू केली नसशील तर या आठवड्यात कर. पोस्टिंग चालू झालंय म्हणजे आधीच उशीर झालाय.

वापरलेल्या सुईला झाकण परत लावायचं नाही. हब कटरमध्ये कापायची, सुई पांढऱ्या डब्यात. सिरिंज, नळ्या, ग्लोव्हज लाल पिशवीत, रक्ताचा कापूस पिवळ्या, काचेच्या बाटल्या निळ्या खोक्यात. घाईत एकीने सुई पिवळ्या पिशवीत टाकली तर टोचते ती मावशीला, आपल्याला नाही.

आणि टोचलीच तर बोट पिळायचं नाही, तोंडात घालायचं नाही. साबण आणि वाहत्या पाण्याने धुवायचं आणि ताबडतोब इन्चार्जना सांगायचं. एचआयव्हीविरोधी औषध लागलंच तर जितकं लवकर तितकं बरं, दोन तासांत सुरू झालं तर उत्तम, 72 तासांनंतर उपयोग नाही. माझ्या एका विद्यार्थिनीने ओरडा बसेल म्हणून चार दिवस लपवलं. नशिबाने काही झालं नाही, पण ती पुढचे सहा महिने तपासण्या होईपर्यंत जेवली नाही धड.

---

शालिमारचा_चहा | संध्याकाळी 5:50

अवांतर: साडेसहाची बस म्हणजे निमाणीवरून का? सिटीलिंक (शहर बस) वेळेवर येते का हल्ली? आणि अभ्यासाला रूमवर गोंगाट असेल तर सावाना (सार्वजनिक वाचनालय, नाशिक) आहे की. 1840 पासून लोक तिथे बसून वाचताहेत, तुलाही एक खुर्ची मिळेल.

---

कळवणची_लेक | सोमवार, रात्री 9:30

एवढ्या जणांनी लिहिलंय, तीनदा वाचलं. काका, बस निमाणीवरूनच, आणि ती वेळेवर येते, मीच उशिरा पोचते.

लस घेतलेली नाही. उद्याच विचारते. महाडीबीटीचा अर्ज भरलाय, पण जात वैधता यायचीय.

आज सेकंदकाट्याचं घड्याळ घातलं, मम्मीचं जुनं. अकरा पेशंटचा श्वास मोजला, सिनियर ताईंनी डोळे फिरवले. 16, 20, 18, 22 असे वेगवेगळे आले. मला वाटलं माझंच चुकतंय, कारण पुस्तकात सगळे सारखे असतात.

लाल_पेन मॅडम, "आज सगळ्यात जास्त त्रास कशाचा" असं एका काकांना विचारलं. मला वाटलं जखम म्हणतील. म्हणाले, तीन दिवस पोट साफ नाही आणि सगळ्या मुलींपुढे सांगायचं कसं. हे लिहायचं का डायरीत?

---

लाल_पेन | रात्री 9:44

हेच लिहायचं. आणि उद्या सकाळी त्यांना पाणी किती पितात, उठून चालतात का ते विचार आणि इन्चार्ज सिस्टरना सांग. वेदनाशामकं कुठली चालू आहेत तेही बघ, काहींनी बद्धकोष्ठता होते. तुझा पहिला खरा केअर प्लॅन तयार आहे.

---

सुरगाणेकर | रात्री 10:20

22 आला तो कोण? परत मोजलास का?

---

कळवणची_लेक | रात्री 10:26

नाही मोजला दादा. राऊंड सुरू झाला. उद्या मोजते.

---

रात्रपाळी | मंगळवार, पहाटे 4:10

मोज. आणि फक्त आकडा नाही, खांदे वर उडतात का, बोलताना वाक्य मध्ये तुटतं का, तेही बघ.

---

कळवणची_लेक | पाच आठवड्यांनी, शनिवार, रात्री 8:15

धागा वर काढतेय, सॉरी. मध्ये इंटर्नल होत्या.

अ‍ॅनाटॉमी 25 पैकी 14. सोशिऑलॉजीत मात्र आपटले, ती मी अभ्यासच न करता सोडली होती. लसीचे दोन डोस झाले. ड्रेसिंगला आता उभी राहते, वासाने अजून पोटात ढवळतं, पण वॉर्ड_११ दादांचं बोटं आवळायचं काम करतं. बुटाच्या आत कुणाला दिसतही नाही.

तो 22 वाला पेशंट दुसऱ्या दिवशी 20 निघाला, काही नव्हतं. पण परवा एका आजोबांचा 26 आला. चार्टवर आधीच्या तिन्ही खान्यांत 18 होते. सिनियर ताई म्हणाल्या, तुला मोजता येत नाही. मी इन्चार्ज सिस्टरना बोलावलं, पाय लटपटत होते. त्यांनी स्वतः मिनिटभर मोजला. 24 आला. माझे दोन चुकले.

त्यांनी डॉक्टरांना फोन लावला आणि मला म्हणाल्या, चार्टवर 24 लिही, वेळ टाक आणि सही कर. आजोबांना संध्याकाळी ऑक्सिजन लावला.

सोमवारी सोशिऑलॉजीची फेरपरीक्षा आहे. कुणाकडे सोप्या भाषेतल्या नोट्स आहेत का? कुटुंबाचे प्रकार आणि जातिव्यवस्था हे दोन धडे हवेत.

---

लाल_पेन | रात्री 8:40

व्यनि (व्यक्तिगत निरोप) बघ. आणि एवढी आकृती काढतेस तर कुटुंबाचे प्रकारही आकृतीतच काढ. विभक्त, संयुक्त, विस्तारित. तुझंच घर काढ.

---

द्राक्षबाग_निफाड | रात्री 9:05

जात वैधता आली का?

---

कळवणची_लेक | रात्री 9:07

नाही काका. मंगळवारी जातेय परत.